ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांतून कापडी फुले कशी करावीत

ब्लाउज बेतताना आणि कापताना कापड नेमके कोठे उरते, हे शिवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. गळा कापला की जिभेसारखा गोलसर तुकडा निघतो, मुंढ्याच्या बाजूने तिकोनी तुकडे पडतात, बाहीच्या दोन्ही अंगांना निमुळत्या पट्ट्या राहतात आणि पायपिंगसाठी, म्हणजे कडेच्या गोटासाठी, उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्ट्या काढल्यावर शेवटी हातभर लांबीच्या एकदोन पट्ट्या शिल्लक राहतातच. हे तुकडे टाकवत नाहीत, कारण ते नव्या कापडाचे असतात आणि बहुतेक वेळा चांगल्या कापडाचे असतात. ते पिशवीत भरून ठेवले जातात, पिशवी भरली की दुसरी पिशवी येते. याच तुकड्यांतून घरच्या घरी, हातशिलाईने, मशीनला हातही न लावता कापडी फुले कशी करावीत, हे पहिल्यांदाच सुई हातात घेणाऱ्यालाही समजावे अशा रीतीने येथे सांगितले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण नवशिक्यांची बहुतेक फुले तिथेच बिघडतात. फूल कोणते करायचे हे आधी ठरवून मग त्यासाठी तुकडा शोधू नये. तुकडा हातात घ्यावा, त्याची जाडी, त्याचा धागा आणि त्याचा ताण पाहावा आणि त्यावरून फूल ठरवावे. जाड खणाच्या नाजूक पाकळ्या होत नाहीत आणि सरळ धाग्यावर कापलेल्या पट्टीचा गुलाब कितीही कौशल्याने गुंडाळला तरी ताठच दिसतो.

तुकड्यांची वर्गवारी

पिशवी रिकामी करून तुकड्यांचे तीन ढीग करावेत. पहिला सुती तुकड्यांचा, ज्यात पॉपलीन, मलमल, अस्तराचे कापड, छापील सुती ब्लाउजपीस हे सर्व येते. दुसरा रेशमी, खणाच्या आणि जरीच्या तुकड्यांचा. तिसरा कृत्रिम धाग्याच्या कापडांचा, म्हणजे साटीन, जॉर्जेट, क्रेप आणि बाजारात मिळणारे बहुतेक ऑर्गंझा. दीड इंचाहून लहान असलेले तुकडे वेगळ्या डब्यात ठेवावेत; त्यांचा उपयोग फुलाच्या मध्यात भरायला होतो.

एखादे कापड सुती आहे की कृत्रिम, हे नुसते चाचपून नेहमीच कळत नाही. अशा वेळी त्या कापडाचे चारपाच धागे उसवून चिमट्यात धरावेत आणि पाणी घातलेल्या स्टीलच्या ताटलीवर धरून त्यांना काडी लावावी. सुती धागा कागदासारखा भुरभुर जळतो आणि मागे मऊ राखाडी राख राहते. खऱ्या रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांनी सहज चुरते. पॉलिएस्टर मात्र जळण्याआधी आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा केवळ कुतूहलापोटी करायची नसते, कारण पुढे मेणबत्तीच्या आचेवर कोणत्या पाकळ्या वळवायच्या आणि कोणत्या आचेजवळही न्यायच्या नाहीत हे तीवरूनच ठरते.

रंग सुटण्याची परीक्षा याहूनही महत्त्वाची आहे, आणि ती मी फार उशिरा शिकले. पहिल्यांदा मी गौरी-गणपतीसाठी दाराला तोरण केले होते, त्यात लाल खणाची फुले आणि मोतिया रंगाच्या सुती कापडाच्या पाकळ्या एकाआड एक लावल्या होत्या. पावसाची झड आत आली, तोरण दमट झाले आणि सकाळी पाहिले तेव्हा मोतिया पाकळ्यांच्या कडांना गुलाबी ओघळ चढलेले होते. आठ दिवसांची मेहनत होती, आणि ते डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत. तेव्हापासून गडद रंगाचा प्रत्येक तुकडा मी आधी तपासते. त्यावर ओला पांढरा सुती रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबायची आणि रुमाल उचलून पाहायचा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा फिक्या कापडाशेजारी वापरायचा नाही, मग तो कितीही देखणा असो. रुमाल कोरा राहिला तरी सुती तुकडे एकदा पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून घेतलेले बरे.

उभा धागा, आडवा धागा आणि उरेब

कापडाच्या काठाला समांतर जाणारा तो उभा धागा आणि त्याला छेदणारा तो आडवा धागा, हे सर्वसाधारणपणे सर्वांना माहीत असते. परंतु तुकड्याला काठ उरलेलाच नसेल तर तो ओळखायचा कसा, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. तुकडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून निरनिराळ्या दिशांनी हलकेच ताणावा. ज्या दिशेने तो जवळजवळ ताणलाच जात नाही, ती उभ्या धाग्याची दिशा समजावी. ज्या दिशेने थोडासा ताणला जातो ती आडव्या धाग्याची. आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात धरल्यावर जिथे तो रबरासारखा लांबतो आणि सोडल्यावर परत येतो, ती उरेब दिशा. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ४५ अंशांच्या कोनात, ही दिशा असते.

उरेब कापलेल्या कडेचे दोन गुण फुलांसाठी सोन्यासारखे आहेत. ती कड वळते, म्हणजे पाकळीला गोलाई येते आणि चुण्या मऊ पडतात. शिवाय तिचे धागे सुटत नाहीत, कारण सरळ कडेवर जसा एक सबंध धागा लांबीने निसटून येतो तसा तो उरेब कडेवरून निसटू शकत नाही. तिथे प्रत्येक धागा तिरपा कापलेला असून दुसऱ्या धाग्यांत अडकलेला असतो. पायपिंगच्या उरलेल्या पट्ट्या गुलाबासाठी सर्वांत उत्तम ठरतात त्या याच कारणाने.

साहित्य

साहित्य फारसे लागत नाही, पण जे लागते ते नीट असावे. कापडासाठी वेगळी ठेवलेली धारदार कात्री हवी आणि तिने कागद कधीही कापू नये. हातशिलाईच्या सुयांमध्ये नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. पातळ कापडाला बारीक आणि खण किंवा जरीकाठाला थोडी जाड सुई घ्यावी. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, सुती नको. चुण्या ओढताना सर्व ताण एका दोऱ्यावर येतो, आणि पाच पाकळ्या ओवून झाल्यावर शेवटच्या ओढीला दोरा तुटला की सगळे पुन्हा करावे लागते. म्हणून दोरा दुहेरी घ्यावा आणि शेवटी गाठ पक्की मारावी. दुहेरी केल्यावर तो २४ इंचांहून लांब ठेवू नये, नाहीतर शिवण्यापेक्षा गुंता सोडवण्यातच वेळ जातो.

याशिवाय टाचण्या, खडू, जुने मणी आणि बटणे, पाठीमागे लावण्यासाठी फेल्टचा (दाबून केलेल्या, धागे न सुटणाऱ्या जाड कापडाचा) एखादा तुकडा आणि साचे कापण्यासाठी जाड कागद एवढे पुरे. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा साच्यासाठी फार चांगला असतो. गोलासाठी तर घरात साचे तयारच आहेत. दोन-चारची बांगडी आतून सव्वादोन इंच व्यासाची असते आणि दोन-आठची अडीच इंचांची, कारण बांगडीच्या मापातील दुसरा आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग असतात. बांगडी कापडावर ठेवून आतल्या कडेने खडू फिरवला की बिनचूक गोल मिळतो. मोठा गोल हवा असेल तर जुनी सीडी घ्यावी, ती पावणेपाच इंचांची असते.

खळ केव्हा द्यावी

सुती मलमल किंवा अस्तराचे कापड फार लुळे असेल तर पाकळ्या उभ्या राहत नाहीत. अशा तुकड्यांना कापण्यापूर्वी खळ द्यावी. एक कप पाण्यात एक चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर गुठळी न राहू देता कालवावे, मंद आचेवर ढवळत राहून पारदर्शक होईपर्यंत शिजवावे आणि कोमट झाल्यावर तुकडे त्यात बुडवून हलक्या हाताने दाबून काढावेत. पिळू नयेत. सावलीत वाळत घालून थोडी ओल राहिलेली असतानाच इस्त्री करावी, म्हणजे तुकडा कागदासारखा सपाट आणि ताठ होतो. रेशमी आणि जरीच्या तुकड्यांना खळ देऊ नये. खळ दिलेली फुले दमट जागी ठेवली तर त्यांना कसर लागते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

पहिले फूल : चुणीचे गोल फूल

नवशिक्याने याच फुलापासून सुरुवात करावी, कारण यात धावदोरा (सुई कापडातून खाली-वर काढत एका रेषेत घातलेले साधे टाके) घालणे आणि चुण्या ओढणे या दोनच गोष्टी येतात आणि पुढची सर्व फुले त्याच दोन गोष्टींवर उभी आहेत. जाड कापड, खणसुद्धा, या फुलाला चालते.

सीडी ठेवून पावणेपाच इंचांचा गोल कापावा. गोल उलट्या बाजूने धरावा, म्हणजे कापडाची सुलट बाजू खाली राहील. कड पाव इंच आत, आपल्या दिशेने दुमडत जावी आणि दुमडलेल्या कडेवरूनच धावदोरा घालत पूर्ण फेरी करावी. आधी सगळी कड दुमडून इस्त्री करण्याची गरज नाही. दोनतीन टाके घालायचे, पुढची कड बोटाने दुमडायची, पुन्हा दोनतीन टाके घालायचे, असेच जावे. फेरी पूर्ण झाली की दोरा हळूहळू ओढावा. कड मध्याकडे गोळा होते आणि सुलट बाजू बाहेर राहून एक चपटी, चुण्यांची टिकली तयार होते, जिचा व्यास साधारण दोन इंच भरतो. मध्ये बोटाने दाबून चुण्या सारख्या कराव्यात, दोनतीन टाके त्याच जागी घालून गाठ मारावी आणि दोरा आत लपवावा.

टाक्याची लांबी येथे फार महत्त्वाची आहे, आणि ती बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट वागते. बारीक टाके घातले तर चुण्या पुष्कळ आणि बारीक पडतात, त्या एकमेकींना अडवतात आणि मध्ये मोठे भोक राहते. पाव इंचाचे लांब टाके घातले तर चुण्या कमी पण खोल पडतात आणि भोक जवळजवळ मिटते. शाळेत बारीक टाक्यासाठी शाबासकी मिळालेल्या हातांना हे अवघड जाते, पण येथे टाका लांबच हवा.

पाच पाकळ्यांचे फूल

सदाफुली, तगर, साधी जास्वंद, आपल्या अंगणातल्या कितीतरी फुलांना पाचच पाकळ्या असतात, आणि कापडातही पाचाचे फूलच सर्वांत सहज बसते. यासाठी कापड पातळ असावे. गळ्याच्या तुकड्यातून अडीच इंचांचे दोनतीन गोल सहज निघतात. उरलेले बाहीकडच्या तुकड्यांतून घ्यावेत.

दोन-आठच्या बांगडीने पाच गोल आखून कापावेत. पहिला गोल सुलट बाजू बाहेर ठेवून मधोमध दुमडावा, म्हणजे अर्धगोल होईल. त्याच्या गोल, कापलेल्या कडेवर, कडेपासून सुमारे अर्धा पाव (एक अष्टमांश) इंच आत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावदोरा घालावा. दोरा तोडायचा नाही. त्याच दोऱ्यावर दुसरा अर्धगोल घ्यावा, मग तिसरा, असे पाचही ओवून घ्यावेत, आणि मगच दोरा ओढावा. प्रत्येक अर्धगोलाची सरळ दुमड बाहेरच्या बाजूला गोलाकार पाकळी होऊन फुलते आणि कापलेल्या कडा मध्याकडे जमा होतात. शेवटी सुई पहिल्या पाकळीच्या पहिल्या टाक्यातून घालून वर्तुळ बंद करावे. दोन पाकळ्यांच्या मध्ये फट दिसत असेल तर दोरा अजून ओढायला हवा आहे. पाकळ्या एकमेकींवर चढत असतील तर चुण्या नखाने सरकवून सारख्या कराव्यात.

अर्धगोल आणखी एकदा दुमडून चतकोर केला आणि त्याच्या गोल कडेवर टाके घातले, तर पाकळी टोकदार येते. पण मग कापडाचे चार थर होतात, त्यामुळे हे फक्त मलमलीवर किंवा अगदी पातळ रेशमी कापडावरच करावे.

उरेब पट्टीचा गुलाब

या फुलाला वेळ द्यावा. ते एकदा जमले की हात पुन्हा पुन्हा तिकडेच वळतो.

दोन इंच रुंद आणि १८ ते २० इंच लांब उरेब पट्टी घ्यावी. एवढी लांब पट्टी नसेल तर दोन तुकडे जोडावेत, परंतु जोड सरळ आडवा न घेता तिरपा, ४५ अंशांत घ्यावा, म्हणजे शिवणीची जाडी एका ठिकाणी न साचता पसरते आणि गुलाबाच्या आत दडून जाते. पट्टी लांबीने, सुलट बाजू बाहेर ठेवून, मधोमध दुमडावी. या दुमडीवर इस्त्री कधीही फिरवू नये. हीच दुमड पुढे पाकळीची कड होणार असते आणि ती मऊ, भरीव राहायला हवी. इस्त्रीने धारदार झालेल्या कडेचा गुलाब कागदी दिसतो. दोन्ही टोके दुमडीकडून कापलेल्या कडेकडे गोलाई देऊन तासावीत.

आता एका टोकापासून सुरुवात करून कापलेल्या दोन्ही कडा एकत्र धरून पाव इंच आत धावदोरा घालत जावे. वीस इंचांच्या पट्टीवर दोरा अपुरा पडेल असे वाटते, पण कापड मधूनमधून दोऱ्यावर मागे सरकवत राहिले की पुरतो. सुरुवातीच्या तीनचार इंचांत चुणी जवळजवळ द्यायचीच नाही, कारण तो भाग म्हणजे गुलाबाची मिटलेली कळी. त्यानंतर चुणी थोडी थोडी वाढवत न्यावी आणि शेवटच्या भागात ती सर्वांत दाट असावी, कारण बाहेरच्या पाकळ्या सर्वांत उमललेल्या असतात. वीस इंचांची पट्टी चुणून साधारण दहा-अकरा इंच झाली की पुरे. दोरा न तोडता तेथे एक गाठ मारून ठेवावी.

मग चुणी नसलेले टोक घ्यावे आणि ते घट्ट गुंडाळून बोराच्या बीएवढी कळी करावी. तिच्या बुडातून सुई आरपार दोनदा काढावी. आता डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने कळीचे बूड धरून, उजव्या हाताने पट्टी तिच्याभोवती फिरवत न्यावी आणि दर अर्ध्या फेरीला बुडातून सगळ्या थरांमधून एक टाका घालावा. या वेळी डोळे वरच्या पाकळ्यांवर नव्हे तर खालच्या कडेवर असावेत. कापलेल्या कडा सर्व फेऱ्यांत एका पातळीत राहिल्या तर गुलाब बसका आणि भरदार होतो. प्रत्येक फेरीला कड थोडी थोडी खाली घसरत गेली तर गुलाबाचा शंकू होतो आणि मध्यातली कळी सुळक्यासारखी वर येते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचे पहिले दोन गुलाब नेहमी असेच शंकूसारखे होतात. ते उसवून पुन्हा करायला लाजू नये, कारण उरेब पट्टी उसवली तरी खराब होत नाही.

शेवटचे टोक खाली वळवून बुडाशी टाचावे. त्यानंतर बाहेरच्या दोनतीन पाकळ्यांची कड बोटांच्या चिमटीत धरून किंचित बाहेर ताणावी. उरेब असल्याने ती ताणली जाते आणि तशीच राहते. एवढ्या एका कृतीने फुलाला जिवंतपणा येतो.

चौकोनांची शेवंती

जपानमध्ये रेशमाच्या छोट्या चौकोनांच्या घड्या घालून केसांत माळायची फुले करण्याची जुनी कला आहे, तिला त्सुमामी म्हणतात. येथे दिलेली रीत तिच्याहून सोपी आहे, पण मूळ कल्पना तीच, चौकोनी तुकड्याच्या घडीतून पाकळी काढण्याची. जिथे गोल निघत नाही अशा लहान, वेड्यावाकड्या तुकड्यांतूनही दीड इंचाचे चौकोन निघतात, म्हणून तुकड्यांच्या ढिगाचा तळ याच फुलात संपतो.

पातळ कापडाचे दीड इंचाचे २२ चौकोन कापावेत. प्रत्येक चौकोन कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्रिकोणी दुमडावा आणि तो त्रिकोण पुन्हा मधोमध दुमडून त्याहून लहान त्रिकोण करावा. या लहान त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू पाहिली तर सगळ्या कापलेल्या कडा तिथेच एकत्र आलेल्या दिसतील. त्या बाजूवर धावदोरा घालून, पाच पाकळ्यांच्या फुलात केले तसेच एकाच दोऱ्यावर ओवत जावे. पहिली माळ १० पाकळ्यांची, दुसरी सातांची आणि तिसरी पाचांची करावी. फेल्टचा दीड इंच व्यासाचा गोल कापून त्यावर मधोमध एक इंच व्यासाचे वर्तुळ आखावे, दहांची माळ चुणून त्या वर्तुळावर बसवावी, तिच्या आत सातांची आणि सर्वांत आत पाचांची टाचावी. वरच्या थराच्या पाकळ्या खालच्या थरातील दोन पाकळ्यांच्या फटीवर याव्यात. पूर्ण झालेली शेवंती सव्वादोन इंचांच्या आसपास भरते.

कृत्रिम कापडाच्या पाकळ्या आचेवर वळवणे

ही रीत केवळ तिसऱ्या ढिगातील, परीक्षा करून पाहिलेल्या कापडासाठी आहे, आणि लहान मुलांसाठी ती नाहीच. वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटते आणि त्याचा चटका खोल जातो. केस बांधावेत, ओढणी आणि पदर खोचावा, खिडकी उघडी ठेवावी आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

साटीनचे तीन, अडीच, दोन आणि दीड इंच व्यासाचे, प्रत्येक मापाचे दोन असे गोल कापावेत. गोल चिमट्यात धरून त्याची कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, बाजूने, सुमारे एक इंच अंतरावर फिरवावी. ज्योतीत घालू नये, नाहीतर कड काळी पडते. उष्णता लागताच कड आकसून आत वळते आणि धागे सुटायचे कायमचे थांबते. मग मोठ्यापासून लहानापर्यंत गोल एकावर एक रचून मध्यातून टाका घालावा. पाचदहा मिनिटांत कमळासारखे फूल होते. ते झटपट होते, पण सुती किंवा खणाच्या फुलाचा मऊपणा त्याला येत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मध्य, पान आणि पाठ

गोल फुलाच्या मध्यात मोती किंवा जुन्या कुर्त्याचे बटण लावले की काम होते. पाच पाकळ्यांच्या फुलाला मात्र कापडाचे बटण जास्त शोभते. एक इंचाचा गोल घेऊन कडेने धावदोरा घालावा, आत कापूस किंवा डब्यात ठेवलेल्या चिंध्यांचे धागे भरावेत, दोरा ओढून गोळी बंद करावी आणि शिवणीची बाजू खाली ठेवून फुलाच्या मध्यात टाचावी. सदाफुलीसारखे बारीक मध्य हवे असेल तर पिवळ्या भरतकामाच्या दोऱ्याचे चारपाच गाठीचे टाके (सुईभोवती दोरा गुंडाळून घातलेले) पुरतात.

पानासाठी हिरव्या कापडाचा दोन इंचांचा चौकोन घेऊन शेवंतीच्या पाकळीसारख्याच दोन घड्या घालाव्यात आणि लांब बाजू चुणून घ्यावी. पान फुलाच्या खाली अर्धे झाकले जाईल असे लावावे. पूर्ण दिसणारे पान फुलापासून सुटलेले वाटते.

पाठ हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. फुलाच्या मागे दोऱ्याच्या गाठी आणि कापलेल्या कडा असतात, त्या झाकण्यासाठी फुलाहून थोडा लहान असा फेल्टचा गोल घेऊन त्याच्या कडेने लहान टाक्यांनी शिवावा. पिन किंवा केसांची क्लिप लावायची असेल तर ती आधी या गोलावर शिवून घ्यावी आणि मग गोल फुलाला लावावा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पिन काही दिवसांत सुटते. शिवाय गोंद रेशमात झिरपतो आणि समोरच्या बाजूला तेलासारखा डाग उमटतो. सुईने दहा मिनिटे जास्त लागतात, पण ते काम टिकते.

फुलांचा उपयोग

ज्या ब्लाउजचे तुकडे, त्याच ब्लाउजला लटकन, हा मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे. डोरीच्या टोकाला गाठ मारावी, दोन सारखी गोल फुले घेऊन त्यांची चपटी पाठ एकमेकींकडे करावी, गाठ मध्ये ठेवावी आणि दोन्ही फुलांच्या कडा हेमिंगच्या बारीक टाक्यांनी जोडाव्यात. खाली एखादा मणी लोंबता ठेवला तर लटकनाला वजन येते आणि डोरी पाठीवर सरळ राहते. वजन फार वाढवू नये, नाहीतर गळा मागे ओढला जातो.

तोरणासाठी हिशेब सोपा आहे. दार तीन फूट, म्हणजे ३६ इंच रुंद असेल आणि फूल दोन इंचांचे असेल, तर दोन फुलांत एक इंच अंतर ठेवून १२ फुले लागतात. फुले थेट एकमेकांना न जोडता अर्धा इंच रुंदीच्या दुहेरी कापडी पट्टीवर टाचावीत, म्हणजे तोरण मध्ये लोंबत नाही. पट्टी उभ्या धाग्यावर कापलेली असावी. उरेब पट्टीवर तोरण केले तर फुलांच्या वजनाने ती ताणत जाते आणि चार दिवसांत तोरण दारापेक्षा लांब होते.

ठेवताना फुले एकावर एक रचून दाबू नयेत. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात मलमलीच्या तुकड्यावर एका थरात ठेवावीत. जरीच्या फुलांजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत, त्यांनी जर काळवंडते. धूळ बसली तर मऊ ब्रशने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राच्या थंड वाऱ्याने झटकावी. खळ न दिलेली सुती फुले कोमट पाण्यात थोड्या साबणाने बुचकळून धुता येतात, पण धुतल्यावर ती ओली असतानाच प्रत्येक पाकळी बोटांनी उघडून, फूल एखाद्या वाटीत ठेवून सावलीत वाळवावे.